बद्द आवाज

शुक्रवारची संध्याकाळ होती. बाकीची माणसं बस पकडायला निघून गेली होती आणि मी आठवड्याच्या नोंदवहीवर सह्या करत बसले होते. तेवढ्यात आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. मुलगा निपाणीचा, आयटीआय झालेला फिटर. बंगळूरच्या या प्रयोगशाळेत माझा दिवस इंग्रजीत आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये जातो. आपली बोली एकच आहे हे कळल्यापासून तो चारचौघांत मला 'मॅडम' म्हणतो आणि आसपास कोणी नसलं की 'ताई'. त्या दिवशी बराच वेळ तो काहीच बोलला नाही. दाराच्या चौकटीवरचा सुटलेला रंग नखाने काढत राहिला. मग म्हणाला, "ताई, एक सांगायचं हुतं. काल तो टॉर्क रेंच पडला माझ्या हातनं. त्या काळ्या पॅनेलवर." मी पेन खाली ठेवलं. "मोठा?" "मोठाच. पण काय दिसत न्हाई बघा. काल बोट फिरवलं तर जरा खोलगट लागत हुतं. आज तेबी लागंना झालंय. म्हटलं, सांगावं का नको."

ते पॅनेल सोमवारी चाचणीच्या यंत्रात चढायचं होतं. विमानाच्या पंखाच्या कातडीचा एक तुकडा म्हणा: पाऊण मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, कार्बन तंतूंचे २४ थर आणि जाडी जेमतेम साडेतीन मिलिमीटर. पाठीला चार उभ्या पट्ट्या, त्याही त्याच भट्टीत कातडीशी एकजीव झालेल्या. रेंच सव्वा किलोचा, पडला तो सव्वा मीटरवरून, म्हणजे साधारण १५ ज्यूलचा मार. मनातल्या मनात हा गुणाकार करतच मी त्याच्यामागून गेले. आधी दिवे घालवले आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. खळगा असेल तर त्याची सावली पडते. सावली नव्हती. डोळे मिटून बोटांची टोकं फिरवली. काहीच लागलं नाही. मग खिशातलं पाच रुपयांचं जाड नाणं काढलं आणि त्याने दाखवलेल्या जागेच्या वीतभर अलीकडून हलके ठोके देत निघाले. टण्, टण्, टण्. प्रत्येक ठोका स्वच्छ, कोरडा. टण्, टण्, आणि मग बद्द. पुन्हा बद्द. दोन बोटं पुढे गेल्यावर परत टण्.

वरून मात्र पॅनेल नवंकोरं दिसत होतं.

अल्ट्रासाउंडच्या यंत्राने त्याच रात्री चित्र काढलं. ज्या बाजूला रेंच पडला तिथे जेमतेम एक ठिपका. त्याखाली, थरागणिक पसरत गेलेली, शंकूच्या आकाराची इजा. सगळ्यात खालच्या थरांत ती दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी होती. तो माझ्या खांद्याशी उभा राहून पडद्याकडे बघत होता. मी त्याला बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. हातून अवजार निसटतं, माझ्याही निसटलेलं आहे. तरी घरी जाताना बसमध्ये आणि पुढचे दोन दिवस एक गोष्ट आत कुठेतरी टोचत राहिली. त्याने सांगितलं नसतं तर कोणालाही कळलं नसतं. खोली रिकामी होती, खूण नव्हती, आणि उरलीसुरली खूणही रात्रीत बुजून गेली होती. गुरुवारची अख्खी रात्र त्याच्या हाताशी होती. त्या रात्री तो काय विचार करत पडला असेल, याचाच मी विचार करत राहिले.

लहानपणी अक्षय्य तृतीयेच्या आधी आजी मला घेऊन कराडच्या बाजारात माठ आणायला जायची. रस्त्याच्या कडेला गवतावर माठ, घागरी, करे मांडलेले असत. उन्हात तापलेल्या मातीला एक वास असतो, नुसत्या आठवणीनेही त्याने तोंडाला कोरड पडते. आजी भावाचं नंतर बघायची. पदर खोचून खाली बसायची, एका हाताच्या तळव्यावर माठाचं बूड तोलायची आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्याच्या पोटावर मारायची. मान कलती आणि नजर भलतीकडेच, कारण ऐकताना डोळ्यांचं काम नसतं. एक माठ वाजवून ती बाजूला सारायची, दुसरा घ्यायची. मला दोन्ही सारखेच दिसायचे. एकदा मी हट्टाने विचारलं, की हा लालबुंद, गुळगुळीत माठ का नको? तिने माझा कान धरून माठाला लावला आणि पेर मारलं. "बद्द वाजतोय बघ. आत कुठंतरी गेलाय. पाणी भरलं की सांगेल." कुंभारीण हसली, तिने तो माठ उचलून मागे ठेवला आणि वाद घातला नाही. मातीच्या भांड्याने आपलं खरं सांगावं आणि विकणारणीने ते मान्य करावं, यात मला तेव्हा काहीच विशेष वाटलं नव्हतं. व्यवहार असाच असतो अशी माझी समजूत होती.

घरातली धातूची भांडी मात्र वाजवून बघावी लागत नसत. त्यांचं सगळं अंगावर लिहिलेलं. पितळी घागरीला पोचा होता, तो काकांच्या लग्नात आडावरून घरंगळल्याचा. तांब्याच्या बंबाला खालच्या बाजूला दोन पोचे होते, त्यातला एक माझ्या वडिलांनी रागाच्या भरात घातलेल्या लाथेचा. भांड्यांवर नावं आणि तारखा कोरून घ्यायची पद्धत होती, पण आजीला नाव वाचावं लागत नसे. ती पोच्यावरून भांडं ओळखायची. धातू सोसतो आणि दाखवतो. लाथ बसली तर बसल्याचं कबूल करतो. विमानं जवळजवळ साठ वर्षं ॲल्युमिनियमची होती, आणि ती तपासणाऱ्या माणसांचा सगळा विश्वास याच कबुलीवर उभा होता. रात्रपाळीचा मेकॅनिक टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरायचा. पोचा दिसला तर मोजायचा, न दिसला तर पुढे जायचा.

आमचा पदार्थ पोचा धरून ठेवत नाही. यात कार्बनचे तंतू असतात, केसाच्या दहाव्या भागाएवढे बारीक, आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. ॲल्युमिनियमची घनता २.८ धरली तर याची १.६ च्या आसपास, म्हणून तर एवढा खटाटोप. तंतू लवचिक. मार बसला की वाकतात आणि परत सरळ होतात. जो काही खळगा राहतो तोही पुढच्या काही तासांत, काही दिवसांत रेझिन सैलावत जाईल तसा उथळ होत जातो. निपाणीच्या मुलाचं बोट खोटं बोललं नव्हतं. तुटतं ते आत, थराथरांच्या मध्ये, जिथे तंतू नाहीत आणि नुसतं रेझिनच सगळं धरून आहे. प्रयोगशाळेत याला आम्ही 'डिलॅम' म्हणतो. घरी आईला सांगताना मी पोळीचं उदाहरण दिलं होतं. घडीची पोळी चांगली झाली की तव्यावर फुगते आणि तिला पदर सुटतात. आमच्याकडे पदर सुटला की घात. आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळे मिळून बिघडलेली पोळी करता." इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही.

पदर सुटला म्हणून ओढताना फारसं बिघडत नाही. ओढ तंतू घेतात. बिघडतं ते दाबताना. काड्यांची मोळी घट्ट बांधलेली असेल तर तिच्यावर उभं राहता येतं. दोर सैल झाला की एकेक काडी आपापली वाकते. पंख उड्डाणात वर उचलला जातो तेव्हा त्याची खालची कातडी ताणली जाते आणि वरची दाबली जाते. हातातून निसटलेली अवजारं नेमकी वरच्याच बाजूला पडतात. म्हणून आमच्याकडे एक चाचणी आहे, बाहेरच्या माणसाला ती खुळचटपणाची वाटेल. १५० बाय १०० मिलिमीटरची चांगली गुळगुळीत पट्टी घ्यायची, तिच्यावर १६ मिलिमीटर व्यासाचं गोल टोक असलेलं वजन उंचीवरून मुद्दाम पाडायचं, इजा मोजायची आणि मग ती पट्टी उभी धरून तुटेपर्यंत दाबायची. वरून जेमतेम दिसणाऱ्या माराने पट्टीची दाब सोसायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. पहिल्यांदा मी हे आलेखावर पाहिलं तेव्हा पट्ट्यांची अदलाबदल झाली असावी असं वाटून सगळे क्रमांक पुन्हा तपासले होते.

या पदार्थाने मार खाण्याच्या बाबतीत मोठमोठ्यांना रडवलं आहे. १९७० च्या सुमाराला रोल्स रॉइसने आरबी२११ इंजिनाच्या पंख्याला कार्बनची पाती लावायचं ठरवलं होतं. वजन वाचणार होतं, आकडे सुरेख होते. पक्षी आदळल्याची चाचणी म्हणून मेलेली कोंबडी पात्यांवर डागली आणि पात्यांच्या चिंधड्या झाल्या. पाती शेवटी टायटॅनियमची करावी लागली, आणि इंजिनाच्या वाढत गेलेल्या खर्चाखाली ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे वीसेक वर्षांनी जीई ९० इंजिनात कार्बनची पाती आली आणि टिकली, पण त्यांच्या पुढच्या धारेवर टायटॅनियमची पट्टी आहे. मला ती पट्टी फार आवडते. आपला पदार्थ काय सोसू शकत नाही हे कोणीतरी मान्य केल्याची ती खूण आहे.

मी या कामाला लागले तेव्हा मला चाचणीपेक्षा घडवणं आवडायचं. उणे १८ अंशांच्या शीतगृहातून प्रीप्रेगचा, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या तंतूंच्या थराचा, गुंडाळा बाहेर काढायचा आणि पिशवी बंद ठेवूनच त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. घाई करून पिशवी उघडली तर गार पृष्ठभागावर दव धरतं आणि ते पाणी थरांत अडकून बसतं. मग पांढरे अंगरखे, हातमोजे, आणि टेबलाभोवती चौघं-पाचजणं. एक थर आडवा, एक उभा, एक तिरपा, एक उलट तिरपा. तळव्याखाली ते किंचित चिकट असतं, काकवीचं बोट धुतल्यावरही जेवढं चिकट राहतं तेवढंच. प्रत्येक थराचा मागचा पातळ कागद सोलून तो मोजून ठेवायचा, म्हणजे एखादा आत राहिला तर कागदांच्या हिशोबात सापडतो. मला ती खोली म्हणजे गोधडी शिवायला बसलेल्या बायकांची ओसरी वाटायची. बोलणं कमी, हात चालू. शेवटी सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी घालून हवा ओढून घ्यायची आणि सगळ्यांनी श्वास रोखून कान द्यायचा. कुठे बारीक 'सूं' ऐकू आलं तर गळती. मग ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाच्या भट्टीचं, जाडजूड दार लागतं, १८० अंश आणि वातावरणाच्या सहा-सात पट दाब, रात्रभर.

ते दिवसही तसेच होते. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजसचं पहिलं उड्डाण केलं, बंगळूरच्याच आकाशात. सांगाड्याच्या वजनातला ४५ टक्क्यांच्या आसपास वाटा आमच्या या काळ्या पदार्थाचा, पंखांसकट. त्या विमानात माझ्या हातचं काहीच नव्हतं, मी तेव्हा पट्ट्या कापायला शिकत होते. तरी विमान टेकल्याची बातमी आमच्या मजल्यावर आली तेव्हा एक वयस्कर तंत्रज्ञ हातातले मोजे न काढताच खुर्चीत बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले. पोखरणनंतरच्या निर्बंधांच्या वर्षांत किती सामान अडकलं, काय काय नव्याने जुळवावं लागलं, हे त्यांनी पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्या दिवशी मात्र काही बोलले नाहीत. आज बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांच्या सांगाड्यांत वजनाने निम्म्याच्या आसपास हाच पदार्थ आहे. २०१० साली ७८७ चा पंख चाचणीत जवळजवळ २५ फूट वर वाकवला त्याचं चित्र आमच्या भिंतीवर आहे. ते बघताना माझं लक्ष पंखाच्या टोकाकडे जात नाही. पंख वाकवणाऱ्या त्या दोऱ्यांच्या पलीकडे, नियंत्रणकक्षात बसून आवाज ऐकणाऱ्यांकडे जातं.

चाचणीत आले ते मनाविरुद्ध. इथे सगळंच सावकाश. पट्ट्या ७० अंश तापमानात, ८५ टक्के दमटपणात ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी बाहेर काढून वजन करायचं. पापड सादळतो तसं हेही सादळतं. वजन वाढतं ते शेकड्याला एखाद्या टक्क्याने, पण तेवढ्या ओलीने रेझिन लवकर मऊ पडतं आणि तापलेल्या पट्टीची दाब सोसायची ताकद घटते. ओल मुरायला आठवडे लागतात, कधी महिने. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत धावपट्टीवर उभं राहिलेलं विमान डोळ्यांसमोर ठेवूनच मी ती वजनं लिहायचे, नाहीतर धीर सुटला असता. तोडण्याच्या दिवशी करवतीखालची काळी भुकटी नखांत जाते आणि दोन दिवस निघत नाही. काचतंतू असले तर मनगटावर खाजकुइली लागल्यासारखं होतं. आणि शेवटी कागदावर उरतो तो एक आकडा.

त्या आकड्यापायी मी एकदा खोटं वागले आहे. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष. सहा पट्ट्या ओढून तोडायच्या होत्या. पाच जवळजवळ सारख्या भाराला तुटल्या, सहावी बरीच आधी. आमच्याकडे लागतो तो सरासरीचा आकडा नव्हे. शंभरातले निदान ९० तुकडे याहून जास्त भार घेतील असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल, तो आकडा लागतो. विखुरलेपण वाढलं की तो धाडकन खाली येतो. एका सहाव्या पट्टीने सगळा संच खाली ओढला होता. पट्टी यंत्राच्या जबड्यापाशी तुटली तर तो निकाल धरत नाहीत, कारण तिथे जबड्यानेच तिला इजा केलेली असू शकते. माझी पट्टी जबड्यापासून बोटभर लांब तुटली होती. बोटभर म्हणजे जबड्यापाशीच की, असं मी मनाला समजावलं, तुटण्याची जागा सांगणाऱ्या रकान्यात 'जबड्यापाशी' लिहिलं आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. संध्याकाळी आमच्या मोठ्या सरांनी अहवाल पाहिला. ते चिडले नाहीत. फक्त विचारलं, "सहावीचे तुकडे कुठे आहेत?" डबा अजून रिकामा झाला नव्हता. मी त्यांच्यासमोर डब्यात हात घालून ते दोन तुकडे शोधून काढले. सरांनी ते जुळवून टेबलावर ठेवले, पट्टीच्या शेजारी फूटपट्टी ठेवली आणि चहा प्यायला निघून गेले. फूटपट्टीवरचा आकडा मला एकटीला वाचायचा होता.

नंतर पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा एका थरात तंतू लहरीसारखे वळलेले सापडले. थर रचताना कोणाचा तरी हात जरा दाबून फिरला असणार. खरी बातमी त्या सहाव्या पट्टीतच होती. लंडनच्या साउथवर्क भागात डेव्हिड कर्काल्डी यांनी १८७४ मध्ये चाचणीघर थाटलं, त्याच्या दारावर कोरलेलं आहे, 'तथ्यं हवीत, मतं नकोत'. सरांनी मला ते कधीतरी सांगितलं होतं, या प्रसंगाच्या आधीच. माहीत असणं आणि डब्यात हात घालणं यांत किती अंतर असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या शुक्रवारी मुलगा दाराशी उभा राहिला तेव्हा त्याच्या जागी मला दुसरंच कोणीतरी दिसलं. सरांनी विचारेपर्यंत मी गप्प होते. तो आपणहून आला होता.

त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर २००१ ला, न्यूयॉर्कहून उडालेलं एअरबसचं एक ए३०० विमान दोनेक मिनिटांत वस्तीवर कोसळलं. विमानातली २६० आणि जमिनीवरची पाच माणसं गेली. शेपटीचा उभा पंख आधीच गळून पाण्यात पडला होता, आणि तो कार्बनचा होता. आत न दिसणारी इजा असणार, पदार्थच दगाबाज, असा संशय सगळ्यात आधी आला. त्या शेपटीच्या एका जोडाची कारखान्यातच दुरुस्ती झाली होती हेही बाहेर आलं. आम्ही कँटीनमध्ये कमी बोलायला लागलो होतो. मग जोडाचे तुकडे नासाच्या लँगली केंद्रात तपासले गेले, नमुने पुन्हा तोडून पाहिले. दुरुस्ती केलेला जोड वेगळा, आधी तुटलेला वेगळा. सुकाणू झटक्याने डावी-उजवीकडे फिरवत गेल्याने शेपटीवर आलेला भार, सेवेत येईल असं धरलेल्या कमाल भाराच्या जवळजवळ दुप्पट होता. दीडपटीपर्यंत टिकणं तिला बांधील होतं, ती त्याच्याही पुढे टिकली आणि मग तुटली. आमच्यातल्या एकाने अहवालाचा तो भाग वाचून "सुटलो" म्हटलं, आणि लगेच त्याचाच चेहरा पडला. २६५ माणसं गेली होती. पदार्थ निर्दोष ठरल्याचा आनंद वाटला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. आजही तो अहवाल हातात आला की दोन्ही वाटतं.

शनिवार-रविवार मी घरी जुनी कागदपत्रं काढून बसले होते. कंपोझिटच्या, म्हणजे आमच्या या तंतू-रेझिनच्या पदार्थाच्या, विमानांसाठी अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २००९ मध्ये काढलेलं एक मार्गदर्शक पत्रक आहे. त्यात इजांचे पाच वर्ग केलेले आहेत. मी ते कामासाठी अनेकदा चाळलं आहे, पण त्या दोन दिवसांत मी ते पहिल्यांदा माणसांबद्दल असल्यासारखं वाचलं. पहिला वर्ग अशा इजांचा, ज्या कोणाला कदाचित कधीच दिसणार नाहीत. पडलेला पाना, उडालेला खडा, गारांचा मार. अशी इजा अंगावर घेऊन रचनेने जन्मभर पूर्ण भार वाहिला पाहिजे, त्या धरूनच जाडी ठरवायची. म्हणजे कोणाचा तरी हात निसटेल आणि तो सांगणार नाही, याचं वजन विमान उडण्याआधीच त्याच्या अंगात घातलेलं असतं. मधले वर्ग दिसणाऱ्या, शोधून सापडणाऱ्या, वैमानिकाला उडतानाच कळणाऱ्या इजांचे. पाचवा वर्ग मोठ्या, अवचित इजांचा. सामान चढवणारी गाडी मागे येताना विमानाच्या पोटाला लागते. तिच्या पुढच्या रबराने मार पसरून बसतो, बाहेरची कातडी फुगून परत सरळ होते, आणि आतल्या कमानी मोडलेल्या असतात. या वर्गासाठी आगाऊ धरायला कोणताही भार नाही, कोणताही आकडा नाही. तिथे एवढंच लिहिलेलं आहे, की ज्याच्याकडून झालं किंवा ज्याने पाहिलं त्याने लगेच कळवावं. गाडी चालवणारा माणूस. बहुधा रोजंदारीवरचा, रात्रपाळीचा, नोकरी जाईल या भीतीतला.

मी ते पान दोन-तीनदा वाचलं. सगळं गणित संपतं तिथे त्यांनी एका माणसाला उभं केलं आहे. आणि त्याने घाबरू नये याची सोय मात्र त्या पत्रकाला करता येत नाही. ती आम्हालाच, जागेवर, त्याच्याशी कसं बोलतो त्यातून करावी लागते. शुक्रवारी मी त्याला काही बोलले नव्हते. पण 'बरं केलंस सांगितलंस' असंही म्हटलं नव्हतं. माझं सगळं लक्ष पॅनेलकडे होतं.

सोमवारी तेच पहिलं बोलले. त्याने नुसती मान हलवली. मग पॅनेलचं काय करायचं यावर दोन तास बैठक झाली. टाकून द्यावं असं काहींचं म्हणणं, डाग बुजवून चाचणी करावी असंही एक म्हणणं. शेवटी ठरलं की इजा आहे तशी ठेवायची, तिची कड पांढऱ्या पेन्सिलीने आखायची, नोंद करायची आणि हेच पॅनेल इजा झालेलं पॅनेल म्हणून तोडायचं. नोंदीच्या रकान्यात मी लिहिलं, 'हाताळताना अवजार पडले. पाडणाऱ्याने स्वतः कळवले.' नाव लिहायची गरज नव्हती. कड आखायला मी पेन्सिल त्याच्याच हातात दिली आणि माझं नाणंही. तो पॅनेलवर वाकला. पहिल्यांदा ठोके फार जोरात पडत होते. "हळू," मी म्हटलं, "मडकं वाजवतात तसं." त्याने मान कलती केली, नजर भलतीकडे गेली आणि ठोके हलके झाले. अर्ध्या तासाने पांढऱ्या रेघेचं एक वेडंवाकडं वर्तुळ उठलं. अल्ट्रासाउंडच्या चित्रावर ठेवून पाहिलं तर कुठे कुठे दोन मिलिमीटरचा फरक. नाण्याला सगळं ऐकू येत नाही, जाड रचनेत खोलवरचं तर नाहीच. या पॅनेलपुरतं पुरेसं होतं.

तीन आठवड्यांनी चाचणी झाली. पारदर्शक आडोशामागे आम्ही सगळे, तो माझ्या शेजारी. भार पायरीपायरीने चढत होता. बराच वेळ काही नाही, फक्त पंपाची घरघर. मग पहिला आवाज, टिक्. कढईत लाह्यांचा पहिला दाणा फुटावा तसा. थोड्या वेळाने दुसरा. "ताई, ह्यो माझ्या जागेतनं आला का?" तो अगदी हळू बोलला. मी म्हटलं, कानाने सांगता येत नाही, पॅनेलवर चिकटवलेले संवेदक नंतर सांगतील. धरलेला कमाल भार ओलांडला, मग त्याची दीडपट ओलांडली. लाह्या दाट व्हायला लागल्या. आणि मग काचा दणाणल्या. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकते आहे, तरी खांदे आखडतातच.

आत गेलो. हवेत जळक्यासारखा रेझिनचा वास होता. फाट आडवी गेली होती आणि बरोबर पांढऱ्या वर्तुळातून गेली होती. दीडपटीच्या वर, पण धडधाकट पॅनेलसाठी आम्ही काढलेल्या अंदाजाच्या बरंच खाली. काळ्या तंतूंच्या कुसळांवर त्याने हातमोज्याचं बोट अलगद फिरवलं. "म्हंजे म्या सांगितलं नसतं तरी हितंच तुटलं असतं?"

"इथंच. आणि आम्ही वर्षभर रेझिनमध्ये खोट शोधत बसलो असतो."

तो काही बोलला नाही. भुकटी ओढायला व्हॅक्युम क्लीनर घेऊन आला, वायर खोचली, पण बटण दाबलं नाही. मोजे काढून खिशात हात घातला. माझं नाणं त्याने परत केलं नव्हतं, माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. फाटेच्या एका बाजूने तो ठोके देत निघाला, मग दुसऱ्या बाजूने, कान अगदी पॅनेलजवळ नेऊन. यंत्राचा पंप अजून घरघरत होता. त्याला नीट ऐकू यावं म्हणून मी जाऊन तो बंद केला.